लसणीचं सूप आणि बोटीवरचे घोव

लसूण सोलायला बसलं की सालं कशी उडतात, ठाऊक आहे ना? या कोपऱ्यातली झाडून काढावीत तर त्या कोपऱ्यात सापडतात. आमच्या वाडीतल्या घोवांचे, म्हणजे नवऱ्यांचे, किस्से तसेच. कितीही सांगितले तरी एखादा पायाला चिकटून वर येतोच. आणि प्रत्येक वेळी मला नव्याने राग येतो! तुम्हाला हसायचं तर खुशाल हसा. मी रागानेच सांगणार.

आमची वाडी मालवणच्या किनाऱ्यावरची. गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीज होते. वाडीतले निम्मे पुरुष बोटीवर. आमचे हे फ्रेंच बोटीवर कुक, शेजारच्या काशीवहिनींचे यजमान एका बोटीच्या लाँड्रीत आणि समोरच्या रुक्मिणीचा नवरा डेकवर. वर्ष-दीड वर्षाने मुंबईहून आगबोटीने घरी यायचे. येताना ट्रंक भरून सामान आणायचे आणि तोंड भरून बढाया. ट्रंक एका दिवसात रिकामी व्हायची. तोंड रजा संपेपर्यंत चालायचं!

*

त्या वर्षी हे आले ते शिंकतच. सासूबाईंनी मायेने गरम पेज पुढे ठेवली. यांनी पेजेकडे बघून सुस्कारा टाकला.

"आये, बोटीवर कोणाक सर्दी-ताप इलो ना, की मी लसणीचा सूप करतंय. फ्रेंच लोकांचा. पोटात गेला की माणूस उठान बसता!"

मी विचारलं, कसं करतात? झालं, हे रंगात आले. मूठभर लसूण चरबीत मंद आचेवर परतायची, करपू द्यायची नाही. वर चमचाभर मैदा, मग पाणी, मीठ, मिरी. उकळी आली की अंड्याचा पांढरा भाग सोडून ढवळायचा, त्याचे धागे होतात. बलक व्हिनेगरमध्ये फेटून शेवटी घालायचा, भांडं खाली उतरवून. आणि हे सगळं शिळ्या पावाच्या तुकड्यांवर ओतायचं.

"कॅप्टन तापान पडलो तेव्हा मी स्वता वाडगो घेवन त्याच्या केबिनीत गेलंय. उशाकडे बसान चमच्यान भरवलंय!"

मी म्हटलं, "मगे एकदा हंय पन करा. मी बघतंय."

हे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. "पुरुष चुलीकडे? लोक काय म्हणतले? घरातली बायल मेली काय?"

बायको जिवंत होती, म्हणून सूप बायकोने करायचं! गोऱ्या कॅप्टनला चमच्याने भरवणारा हा माणूस घरात पाण्याचा तांब्यासुद्धा हाताने घेत नव्हता. माझं मागणं तरी केवढं? याने एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या हाताने ते सूप करावं आणि मी बसून खावं. पण तेवढ्याने म्हणे घराण्याची अब्रू जाणार होती.

*

तर सूप करायचं ठरलं. माझ्या हातांनी, अर्थात. पहिली अडचण शिळ्या पावाची. बाजारात इनासभाऊंची भट्टी होती. मी जाऊन विचारलं, "इनासभाव, शिळो पाव आसा?"

इनासभाऊंनी पिठाचे हात कमरेवर ठेवले. "शिळो? माझ्याकडे? माझ्या बापाशीपासून आमचो पाव कधी सांजेक उरलो नाय!"

मी म्हटलं, बरं, ताजा द्या, मी घरी शिळा करते. हे बोलायला नको होतं! पुढे केलेला पाव त्यांनी मागे ओढला.

"शिळो करूक व्हरतंस? माझो पाव? जा, दुसऱ्याकडे जा!"

दुसरा होता कुठे? शेवटी काशीवहिनी गेल्या, पाहुणे आलेत असं सांगून पाव घेऊन आल्या आणि आम्ही तो फडताळात लपवून ठेवला. दुसऱ्या दिवशी इनासभाऊ आमच्या दारावरून चालले होते. रस्त्यातूनच ओरडले,

"काय गो, पावणे जेवले? की पाव अजून वाळत बसलोहा?"

*

पहिलं सूप झालं. व्हिनेगर नव्हतं, म्हणून मी कोकमाचं आगळ घातलं. चरबीऐवजी खोबरेल. रंग असा गुलाबी आला की विचारू नका. यांनी वाडग्यात डोकावून पाहिलं.

"ह्या सूप की सोलकढी?"

असं म्हणत म्हणत तीन वाडगी संपवली. मिशी पुसली. "बरा आसा. पण कायतरी कमी आसा."

"काय कमी आसा?"

"तां सांगान समजाचा नाय. हातात येवक होया."

पुढच्या खेपेला साजूक तूप घातलं. कायतरी कमी आसा! मग सावंतवाडीहून व्हिनेगरची बाटली मागवली. कायतरी कमी आसा! मग यांना आठवलं की फ्रेंच लोक बदकाची चरबी वापरतात. सासूबाई कधी नव्हे त्या माझ्या बाजूने बोलल्या, "मालवणात आमी बगळे बघतो. बदक खंयसून हाडू?"

तरी वाडगं दर वेळी चाटूनपुसून रिकामं. कमी होतं म्हणे! उरलं काय होतं ते तरी दाखवा!

*

मी हे काशीवहिनींना सांगितलं, तर त्या फणकारल्या, "तुझो निदान खाता तरी गो!"

त्यांचे यजमान बोटीवर साहेबांच्या शर्टांना अशी इस्त्री करायचे की घडीवर म्हणे पेन्सिल उभी राहावी. घरी आले की अंगातला सदरा काढायचा आणि फेकायचा. कधी खुंटीवर, कधी वहिनींच्या डोक्यावर. एकदा वहिनींनी तो चुरगळलेला सदरा तसाच त्यांच्यापुढे धरला. "हो माझ्या साहेबाचो शर्ट. इस्त्री करून दी."

"खंयचो तुझो साहेब?"

"त्याचीच मी वाट बघतंय!"

यजमान दोन दिवस बोलले नाहीत. वहिनी म्हणाल्या, ते दोन दिवस लग्नानंतरचे सगळ्यात सुखाचे गेले.

*

रुक्मिणीची तऱ्हा वेगळी. ती आमच्यात लहान, पण जिभेने तिखट. तिचा नवरा बोटीवर डेक धुवायचा. म्हणे डेक असा चकचकीत की तोंड बघावं. आणि घरी? तिने कमरेचा काटा ढिला होईपर्यंत खळं, म्हणजे पुढचं अंगण, सारवावं आणि याने मासळीबाजारातून येऊन ओल्या शेणावरून तरातरा चालत जावं!

तिसऱ्या वेळी तिने काय केलं, याने पाय टाकला तशी दारातून किंचाळली, "कॅप्टन इलो!"

नवऱ्याने हातातली पिशवी टाकली, वर खोचलेली लुंगी खाली सोडली आणि छाती काढून ताठ उभा राहिला. बांगडे सगळे शेणात!

"लग्नात अंतरपाटाकडे पन इतको सरळ उबो रवाक नाय हो," रुक्मिणी आम्हाला सांगत होती. आम्ही पोट धरून हसलो. घरी आल्यावर मात्र मला पुन्हा राग आला. यांना सगळं येतं! येत नाही असं नाही. कॅप्टन दिसायला हवा, एवढंच.

*

मग कुडाळहून यांचे मामा आले. यांनी पडवीत बसून सुपाचं पुराण लावलं. लसूण कशी चिरावी, ठेचली तर कशी कडू होते, आच किती असावी. मी आत धुरात फुंकणी फुंकत होते. ओली लाकडं, डोळ्यांतून पाणी. आणि बाहेरून ऐकू आलं,

"आमच्या हिच्या हाताक ती चवच नाय, मामानु. करता बिचारी."

बिचारी! डोक्यात अशी तिडीक गेली! मी मामांचं वाडगं नीट भरलं. यांच्या पुढ्यात मात्र वाडगंभर गरम पाणी ठेवलं, शेजारी न सोललेली लसूण, एक अख्खं अंडं आणि पाव.

"ह्या काय गो?"

"कमी आसा तां तुमीच घाला."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. हे उठून समुद्रावर निघून गेले. सासूबाई मला रात्रीपर्यंत बोलत होत्या. पाहुण्यांदेखत नवऱ्याचा अपमान केला म्हणून. माझा कोणी केला, ते कोणी विचारलं नाही. मला अजूनही त्याचा पश्चात्ताप नाही. अंडं उकडलेलं तरी दिलं का, असं काशीवहिनींनी विचारलं. नाही दिलं!

*

आणि मग मला ताप आला. साधासुधा नव्हे, अंगातलं सगळं शोषून घेणारा. ताप उतरला, पण अन्न बघितलं की उमळायचं. पेज तोंडात घेतली की बाहेर. डॉक्टरांनी सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, पोटात काही गेलं नाही तर कठीण आहे. मी माजघरात पडून ऐकत होते. हे उशाशी बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. नुसते बघत होते!

अंगात त्राण नव्हतं, पण रागाला कुठे त्राण लागतं? मी म्हटलं, "बोटीवर तार करा. थंयच्या कुकाक सांगा, हंय एक माणूस तापान पडलाहा. कॅप्टन नाय, पन माणूस आसा."

दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी ते ऐकलं.

दुपारी जेवणं झाल्यावर त्या आल्या आणि यांना म्हणाल्या, "ऊठ."

"खंय?"

"आत."

स्वयंपाकघराचं दार आतून लागलं. मागच्या खिडकीवर सासूबाईंनी गोणपाट टाकलं आणि स्वतः पडवीत नारळ सोलायला बसल्या. भर दुपारी, कोयता घेऊन! थोड्या वेळाने घरभर तुपात परतलेल्या लसणीचा वास सुटला. तो वास काशीवहिनींना शेजारी पोचणार नाही, असं कसं होईल?

"आये, आत कोण रांधता?" पडवीतून आवाज आला.

"मीच!"

"तुमी तर हंय बसलात!"

"मगे? चुलीर ठेवन भायर इलंय."

तेवढ्यात आत ओली लाकडं धुमसली असावीत. स्वयंपाकघरातून चांगला दणदणीत, मिशीवाला खोकला आला.

"आये," काशीवहिनी म्हणाल्या, "तुमची चूल खोकली!"

"सर्दी झालीहा तिका! जा बघू घराक!"

दार उघडलं. हे वाडगं घेऊन आले. डोळे लाल, मिशीला राख, लुंगीवर मैदा. उशाशी बसले आणि चमचा पुढे केला. मी खाल्लं. पहिला घोट घशाखाली गेला आणि राहिला. दुसरा गेला. लसूण लोण्यासारखी मऊ, अंड्याचे बारीक धागे, व्हिनेगरचा जेमतेम आंबटपणा, खाली फुगलेला पाव. इतक्या दिवसांनी जिभेला चव आली आणि मला रडू नाही आलं हो, राग आला! हे या हातांत होतं! इतकी वर्षं होतं!

वाडगं संपलं. तळ बोटाने पुसून घेतला. हे माझ्याकडे बघत होते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"कसा झाला?"

मी उशीला टेकले. तोंड पुसलं.

"बरा आसा. पण कायतरी कमी आसा."

यांनी रिकामं वाडगं उचललं, लुंगी वर खोचली आणि स्वयंपाकघराकडे वळले. पडवीतून सासूबाईंचा आवाज आला,

"आधी दार लाव रे मेल्या!"