पक्का तपकिरी

मी म्हाताऱ्यांच्या स्लाईडी रंगात जास्त वेळ बुडवून ठेवल्या. झालं, लिहिलं एकदाचं. हे आजवर कुणालाही — अगदी घरीसुद्धा — सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच? थांबा जरा.

संपाआधी मी डिलाईल रोडजवळच्या एका गिरणीत रंगखात्यात होतो. हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी लाल. संप लांबला, नोकरी गेली, आणि चाळीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं परळच्या एका इस्पितळात, गाठी तपासणाऱ्या लॅबमध्ये चिकटलो. मुलाखतीत विचारलं, काय येतं? म्हटलं, रंगवता येतं. माणसानं इतकंही खरं बोलू नये.

तिथं एक तरुण डॉक्टरबाई होत्या. आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत एक प्रथिन सापडतं. ते म्हाताऱ्या रोग्यांत जास्त असतं का, यावर त्यांचा प्रबंध. गाठीचा पापुद्रा काचेवर घ्यायचा, औषधं घालायची, शेवटी रंग. प्रथिन असेल तिथं तपकिरी चढतो, नसेल तिथं नाही. रोग्यांचे उपचार यावर ठरत नव्हते — ठरायचा होता तो बाईंचा प्रबंध. तरण्या रोग्यांच्या स्लाईडींची पेटी त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतली. रंगात मोजून पाच मिनिटं. म्हाताऱ्यांची पेटी माझ्यावर सोपवून त्या वॉर्डात गेल्या.

पाच मिनिटं झाली. बघतो तर — फिका. गिरणीत असा तागा खाली पाठवला असता तर मास्तरनं तो माझ्याच गळ्यात बांधला असता. आणि ही तर आमचीच माणसं, लालबाग-परळची. त्यांना कच्चा रंग द्यायचा? ठेवल्या आणखी. चहा पिऊन आलो. काय शेड आली होती म्हणून सांगू — एकसारखी, गडद, कुठं डाग नाही.

बाई हरखल्या. म्हाताऱ्यांत प्रथिनच प्रथिन. पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

मग मोठ्या सरांनी बघितलं. गाठीशेजारचं धडधाकट आतडंही तपकिरी, जिथं हे प्रथिन नसतंच. म्हणाले, "बाई, यात वड्याची चकती ठेवलीत तरी पॉझिटिव्ह येईल."

तेव्हाच बोलायचं होतं, नाही का? बाईंनी विचारलंही, "सावंत, पाचच मिनिटं ठेवल्या होत्या ना?"

"घड्याळ लावून, बाई."

मग दोष रंगाच्या बाटलीवर गेला. बाईंनी कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. पोस्टात टाकायला मीच गेलो. कंपनीनं माफी मागून नवी बाटली धाडली. ज्यांची चूक नव्हती त्यांनी माफी मागितली, आणि ती बाटली सही करून घेतली — मी.

बाईंचं एक वर्ष मागं पडलं. बरोबरीचे पास होऊन गेले. त्या माझ्याशेजारी बसून पुन्हा पहिल्यापासून पापुद्रे रंगवत राहिल्या. "सावंत, तुम्हालाही उगाच दुप्पट काम," म्हणून आपल्या डब्यातलं निम्मं मला देत. मी खात असे. चवीनं.

माझ्याकडे तोंड नव्हतं असं नाही. ते भरलेलं होतं.

हे लिहिलेलं आत्ता बायकोनं वाचलं. चष्मा काढून, पुसून, परत एकदा वाचलं. मग म्हणाली, "त्या पोरीचा अख्खा वरीस घालवलात, आणि तुमका अजून त्या रंगाचाच कवतिक."