रोलरमामूंचा गोल रस्ता

रोलरमामूंना सायकल येत नव्हती. आणि आमच्या लातुरात त्या काळी सायकलच्या रेसा कोण लावायचं, तर रोलरमामूच! ही गोष्ट नातवंडांना सांगितली की ती हसतात. म्हणतात, आजी, पोहता न येणारा माणूस विहिरीवर पोरांना शिकवतो काय? शिकवत होता बाबांनो. मी स्वतः शिकलेय त्यांच्याकडून.

मामू सरकारी रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचे. गावातली सगळ्यात हळू गाडी त्यांची. शेजारून बैलगाडी पुढं निघून जायची, भाजीची पाटी घेतलेली बाई निघून जायची, आणि मामू वर बसून पान चघळताहेत, डोळे अर्धे मिटलेले. पण एखादी सायकल सूं करून गेली की मान गर्रकन वळायची. “क्या चाललीय बघा! वाऱ्याला फाडून राहिली!” वेगाचं एवढं वेड असलेल्या माणसाच्या वाट्याला रोलर यावा, याचं त्यांना वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. उलट म्हणायचे, “सगळेच पळाले तर रस्ता कोण दाबणार?”

माझी त्यांची ओळख बहात्तरच्या दुष्काळातली. माझं माहेर मुदखेडकडचं, लग्न होऊन लातूरला आले आणि पाठोपाठ दुष्काळ आला. आमच्या वस्तीतल्या आम्ही सगळ्या बाया दुष्काळी कामावर जायचो. गावाबाहेर बाग करायचं काम निघालं होतं. बाग कसली, नुसतं माळरान, चार लिंबाची झाडं आणि एक आटलेली विहीर. आम्ही घमेल्यांनी मुरूम टाकायचो आणि मामू मागून रोलर फिरवायचे. हुकूम होता, लोकांना फिरायला बागेभोवती गोल रस्ता करा. मामूंनी केला. पण बागेच्या दोन्ही टोकांच्या वळणांवर त्यांनी बाहेरची बाजू उंच ठेवली आणि आत उतार काढला.

मुकादम म्हणाला, “मामू, हे काय? ताटलीसारखं करून ठेवलंय!”

“सायकल पळाली की आपोआप आत झुकती. तिला टेकायला जागा नक्को?”

“अहो, इथं सायकल कुठाय? म्हाताऱ्यांना फिरायचंय!”

“म्हातारे सावकाश फिरतील की. त्यांना कुठं घाई हाय!”

झालं. सकाळी फिरायला येणारी वकील-डॉक्टर मंडळी वळणावर आली की एका बाजूला कलून चालायची, धोतराचा सोगा हातात धरून. आम्ही बाया पदरात तोंड घालून हसायचो. संध्याकाळी मात्र पोरं भाड्याच्या सायकली घेऊन यायला लागली. दूधवाल्याचा गंगाधर तर कॅरिअरला दुधाच्या किटल्या अडकवलेली सायकलच घेऊन यायचा. किटल्या काढून लिंबाखाली ठेवायच्या आणि सुटायचं. हा गंगाधर गावाजवळच्या शेतकरी घरातला, अंगानं वाळका, स्वभावानं तापट. मामूंचा सगळ्यात लाडका. मामू त्याला गंगू म्हणायचे. रोज भांडायचे आणि रोज भेटायचे.

रेस सुटायची ती रस्त्याच्या कामावरच्या लाल फडक्यावर. मामू रोलरच्या सीटवर उभे राहून ते फडकं वर धरायचे, खाली आलं की सुटायचं. नवीन आलेलं पोरगं लाल दिसलं की घाबरून ब्रेकच दाबायचं. मग मामू वरून ओरडायचे, “अरे पळ! हे थांबायचं लाल नाही, हे आपलं लाल हाय!”

पण मुरमाच्या रस्त्याला पाणी लागतं. पाणी नसलं की मुरूम सुटतो, धूळ होते, चाक सरकतं. आणि त्या साली प्यायला पाणी नव्हतं. तेव्हा मामूंनी कायदा काढला: ज्याला रेसमध्ये उतरायचं, त्यानं घरून बादलीभर सांडपाणी आणायचं. अंघोळीचं, भांड्याचं, काहीही. लिंबाखाली एक डांबराचं रिकामं पिंप ठेवलं होतं, त्यात ओतायचं आणि मग सगळ्यांनी मिळून वळणावर शिंपडायचं. पोरं हँडलला बादली अडकवून, पाय भिजवत यायची. मला आठवतं, पिण्याच्या पाण्याला गावात रांगा वेगवेगळ्या होत्या. सांडपाण्याला मात्र ते एकच पिंप होतं. आमच्या घरचं, गंगाधरच्या घरचं, मामूंच्या घरचं, सगळं त्यात एक व्हायचं. ओतताना कुणी कुणाला विचारलं नाही.

एकदा त्याचीच फजिती झाली. कुणाच्या तरी घरी लग्नाआधीचं मोठं धुणं निघालं होतं. पोरानं खुशीत दोन खेपा करून साबणाचं पाणी आणून ओतलं. शिंपडलं तेव्हा वळण असं चकाकलं म्हणता, सगळे खूश! फडकं पडलं, पोरं सुटली आणि वळणावर पहिला घसरला, त्याच्यावर दुसरा, मग सगळा ढीग. कुणाचं कोपर, कुणाची चेन, कुणाचं हँडल कुठंय कळेना. गंगाधर ढिगाखालून ओरडतोय, “मामू, कुणाची चड्डी धुतली हो ह्या पाण्यात? वास मारून राहिलाय!” मामू रोलरवरून उतरले, ढिगाजवळ जाऊन एकेकाला ओढून काढलं, हाडं चाचपली, आणि सगळे धड आहेत म्हटल्यावर तिथंच मुरमात बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. त्या दिवसापासून राखेचं पाणी चालेल, साबणाचं नाही, असा पोटकायदा झाला.

दुष्काळ सरल्यावर मला बागेतच माळणीचं काम मिळालं. रोज ते सगळं बघता बघता मलाही वाटायचं, आपण बसून बघावं का? पण नऊवारी नेसलेली लेकुरवाळी बाई मी, बोलणार कुणापाशी! मामूंनीच ओळखलं. एका दुपारी, बागेत कुणी नसताना, गंगाधरची सायकल धरून उभे. “बस बेटी.” मी म्हटलं, “मामू, तुम्हालाच येत नाही, तुम्ही काय शिकवणार?” तर म्हणाले, “म्हणूनच शिकवीन. ज्याला येतं त्याला भीती आठवत नाही. मला तुझी भीती रोज दिसती.” सीट धरून ते माझ्यामागं चालत राहिले. मी पडले की म्हणायचे, “शाब्बास, पडणं आलं. आता फक्त चालवणं राहिलं.” मी शिकले हो. गावात बोभाटा झाला, सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, आणि मग त्यांनीच मला सायकलवर दळण आणायला पाठवलं.

पुढं लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले, गुलाल उडाला, आम्हीही नाचलो. जिल्हा म्हटल्यावर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांकडं जाणारे रस्ते आले. आणि एक रस्ता आमच्या बागेच्या खालच्या अंगानं आखला गेला, नेमका एका वळणावरून. खुंट्या ठोकल्या, चुना टाकला. रोलर कुणाचा? मामूंचाच.

गंगाधर तेव्हा लग्न झालेला बाप्या माणूस होता, तरी धावत आला. “मामू, रोलर बिघडवा. काहीतरी काढून ठेवा आतलं.”

“मग दुसरा रोलर येईल.”

“मग आजारी पडा!”

“आजारी पडायला बाजारात जाऊ काय? घरी कुणी बघायला नाही मला.” असं म्हणून मामू हसले, पण पान तोंडात तसंच धरून ठेवलेलं होतं. चघळत नव्हते.

कामाच्या दिवशी पाणी मारायला मीच होते. वळणाच्या उंच कडेवर गड्यांनी टिकाव मारले तर टिकाव उडून यायला लागले. इतकी वर्षं आमच्या सांडपाण्यानं आणि मामूंच्या रोलरनं ती माती दगड झाली होती. साहेब कंटाळले. म्हणाले, “राहू द्या ते. वरूनच खडी टाका, थोडा उतार राहिला तर राहिला.” गंगाधर कडेला उभा होता, त्याचा चेहरा असा फुलला! निदान खाली तरी आपलं वळण राहील, असं मलाही वाटलं.

तोवर मामू रोलरवरून उतरले. म्हणाले, “नाही साब. फोडावंच लागेल.” आणि गड्याच्या हातातला टिकाव घेऊन स्वतः पहिला घाव घातला. मला म्हणाले, “बेटी, इथं पाणी जादा टाक. ही माती लई घट्ट बसलीय.” मी पाणी ओतत राहिले. ते फोडत राहिले. पुन्हा वर बघितलं तेव्हा गंगाधर निघून गेला होता.

तो मामूंशी बोलेनासा झाला. दूध घालायला जायचा ती गल्लीसुद्धा त्यानं बदलली. म्हणायचा, “साहेब ठेवत होते, ह्या माणसानं फोडलं.” मामू मला विचारायचे, “गंगू आला होता काय बागेत?” मी म्हणायचे, “आला होता.” आला नसला तरी म्हणायचे.

मामू निवृत्त झाले आणि नांदेडला लेकीकडं राहायला निघाले. सकाळी मी त्यांच्या दारात गेले, तर पत्र्याची पेटी बाहेर ठेवलेली आणि रिक्षाचा पत्ता नाही. तेवढ्यात गंगाधर सायकल हातानं ढकलत आला. कुणाकडं न बघता पेटी कॅरिअरला बांधली आणि चालू लागला. आम्ही दोघं मागून. नव्या रस्त्यावर, वळण होतं त्या जागी तो थांबला.

“का फोडलं मामू? साहेब तर ठेवत होते.”

मामू म्हणाले, “ठेवलं असतं तर एखादी कडब्यानं भरलेली गाडी उलटली असती इथं. मग लोक म्हणले असते, कुणा हरामखोरानं केलं हे वळण? आपल्या वळणाला कुणी शिवी दिलेली मला नव्हती चालणार, गंगू.”

गंगाधरनं पेटीची दोरी उगीच सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.

स्टँडवर नांदेडची एसटी लागलेली होती. मामू खिडकीशी बसले. मला म्हणाले, “रडू नक्को, दळण आणायला उशीर होईल.” गाडी हलली तसा गंगाधर सायकलवर बसला आणि त्या गर्दीत, माणसांमधून, पाट्यांमधून, गाडीच्या बाजूनं सुटला. फाटकापाशी गाडीच्या पुढं गेला, आणि दोन्ही हात सोडून वर केले, पोरं जिंकल्यावर करायची तसे.

मामूंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. “अरे हँडल धर! गंगू, हँडल धर! पडशील रे!” कंडक्टर आतून त्यांना ओढतोय, लोक बघताहेत, आणि मामू ओरडताहेत. गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी आवाज येत होता. गंगाधरनं हात काही खाली घेतले नाहीत.