वीस मार्चच्या भाकऱ्या

दरड कोसळली, डोंगरावरची अख्खी वाडी गाडली गेली, माणसं तेवढी वाचली आणि इतरांसारखीच मंजुळा नेसत्या साडीनिशी महाडला उतरली. पत्र्याच्या शेडमध्ये राहून तिने तांदळाच्या भाकरीची गाडी सुरू केली. "शहरात भाकरी कोण विकत घेतो?" म्हणणारेच पुढे तिच्या गाडीवर रांगेत दिसू लागले.

यंदा मार्चात फोन आला. वीस तारखेला, सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी, चवदार तळ्याला अमरावतीहून चार बस यायच्या होत्या. गेल्या साली तिच्याकडे जेवलेले दादा म्हणाले, "ताई, सगळ्यांचं जेवण तुमच्याकडेच!"

मंजुळा आनंदाने हो म्हणाली आणि मग हिशोब करायला बसली. एका तव्यावर एवढ्या भाकऱ्या? माणसं उपाशी परतली तर या गावात आपल्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवणार?

तिने वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'भाकऱ्या थापायला बायका पाहिजेत. मजुरी मिळेल.' सगळ्यांनी वाचलं. उत्तर एकीचंही नाही.

शेवटी ती शेजारच्या रंगूबाईकडे गेली. वाडीतली ही सगळ्यांत वडीलधारी बाई मान वर न करता तांदूळ निवडत राहिली.

"काय गो, शेठाणी झालीस म्हनं? माज्या लेकीच्या लग्नात तू भाकऱ्या थापल्यास, तवा मी मजुरी दिली व्हती काय?"

मंजुळा ओशाळली. वाडीत कुणाकडे कार्य निघालं की घरधनीण सुपारी घेऊन दारोदार जायची आणि घरटी एक बाई आपली परात, आपला तवा घेऊन यायची.

"पन काकी, ह्यो धंदा हाय. कार्य थोडंच हाय?"

"तुज्या दारात चार गाड्या मानसं जेवनार, आनि कार्य नाय म्हनतेस?"

मंजुळा तडक उठली. सुपाऱ्या घेऊन घरोघर फिरली, वीर गावी राहायला गेलेल्या मैनाकडेसुद्धा रिक्षाने जाऊन आली.

वीस तारखेला उजाडताच सगळ्या हजर! गाडीमागे विटांच्या चुली पेटल्या, थापांचा एकच गजर उठला.

"मैने, भाकरी हाय का म्हाराष्ट्राचा नकाशा?"

"खानाऱ्याला इचार, तुला काय!"

बस आल्या, पंगती बसल्या. एक टोपली रिकामी होते न होते तोच दुसरी पुढे. जेवून तृप्त झालेले दादा म्हणाले, "पंचवीस डिसेंबरला, मनुस्मृती दहनाच्या दिवशी, परत येतोय. तेव्हाही तुम्हीच!"

मंजुळा बोलणार, तोच पिठाने भरलेल्या हातांनी रंगूबाई पुढे झाली. "खुशाल या. चाराच्या सहा गाड्या आना. आमी समद्या भागीदार हाव."

मंजुळाने तिला हळूच विचारलं, "काकी, ह्ये कवा ठरलं?"

"आत्ता," रंगूबाई म्हणाली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकायला वळली.