गुत्ता बंद पाडणाऱ्या बाया नेपाळात

आमी तिघी नेपाळला गेलो थोडे दिवस, पण सांगून राह्यलो वर्षानुवर्षं. कापूस वेचायला एका वावरात जमलो की कोणीतरी म्हणते, "अवं, तो मोमोवाला सांग ना!" झालं! वेचणी राहते बाजूला, अन् वावराचा मालक बी धुऱ्यावर बसून ऐकते. एक किस्सा सांगितला की दुसरा निघते.

गेलो कशाला, ते पयले सांगते. आदिलाबाद जिल्ह्यात, तेव्हा ते आंध्रातच होतं, मुधोळकडच्या आमच्या गावात दारूचा गुत्ता होता. तो आमी बायांनी बंद पाडला. दगड नाही, काठी नाही. सकाळीच सुपं घेऊन गुत्त्याच्या दारात बसलो अन् ज्वारी पाखडायला लागलो. कोंडा सगळा आत! गिऱ्हाईक शिंकत परत जाय.

गुत्तेवाला हसत म्हणाला, "किती दिवस बसाल?"

साळूबाई, आमच्यातली सगळ्यात मोठी, मान वर न करता म्हणाली, "ज्वारी सरेपर्यंत. अन् औंदा ज्वारी लई झाली बाप्पा!"

गुत्ता उठला. ते ऐकून आदिलाबादहून एका संस्थेच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, "नेपाळच्या डोंगरात बायका दारुड्या नवऱ्यांचा मार खातात. त्यांना शिकवायला चला. पगार मिळणार नाही, जाणं-येणं, खाणं-पिणं आमचं." साळूबाई, मी अन् शेजारची लक्ष्मी, तिघी मॅडमसंगं निघालो.

*

माझा धाकटा दीर दारातच आडवा आला. "वहिनी, चौथी शिकून परदेशात मास्तरीण?"

म्हटलं, "भाऊजी, तुमी दहावी शिकून गुत्त्याच्या नालीत झोपत होते, ते चाललं ना? मग हे बी चालते!"

पिशवी त्यानंच उचलून बस स्टँडवर आणली.

*

सीमेवर पोलिसानं हिंदीत विचारलं, "कहाँ से?"

"आंध्र."

आमचं बोलणं ऐकून त्याला संशय आला. "आंध्र, तो तेलुगु क्यों नहीं बोलते?"

लक्ष्मीचं माहेर तेलुगू, सासर मराठी. ती म्हणाली, "साब, घर में मराठी, बाजार में तेलुगु, ब्यापारी के साथ हिंदी."

"और झगड़ा?"

"तीनों में!"

सोडलं बिचाऱ्यानं.

*

काठमांडूत रस्त्यावर एक पोरगेला माणूस वाफेवर मोमो करत होता. साळूबाईनं एक फोडून पाह्यला. "अगं, ह्या तर उकडलेल्या करंज्या! आत कोबी! अन् तिखट कुठं आहे?"

कमरेच्या पिशवीतून तिनं लाल तिखट काढलं अन् टाकलं वरून. मोमोवाल्यानं चाखलं. डोळ्यांत पाणी, पण हात पुन्हा पुढं! मग त्याची गिऱ्हाइकं मागायला लागली. पिशवी अर्धी झाली, त्याचं टोपलं पूर्ण रिकामं.

पैशाची वेळ आली तशी साळूबाई कडाडली, "माझ्याकडून पैसे काऊन मागून राह्यला? तिखट कोणाचं होतं?"

अन् खरंच, त्यानं घेतले नाहीत!

*

पोखऱ्यात मॅडमनी पहाटे उठवलं. बर्फाचा डोंगर दाखवायला. ऊन पडलं अन् सगळा डोंगर पांढराधोप. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. मी बी हात जोडले, खोटं काऊन बोलू?

साळूबाई मात्र पाहतच राह्यली अन् म्हणाली, "एवढा कापूस! वेचणार कोण?"

तिथं एक गोरा होता. डोंगर सोडून तो आमच्या नऊवारीचे फोटो काढायला लागला. साळूबाईनं हातानंच त्याला थांबवलं, मॅडमचा कॅमेरा घेतला अन् म्हणाली, "आता तू उभा राह्य. पदर नीट घे!"

*

मग आलं शिकवायचं गाव. चढून चढून छातीचा भाता झाला. दिलमाया नावाच्या बाईकडं उतरलो. तिनं पितळी वाटीत कोमट पाणी दिलं. साळूबाईनं एका घोटात संपवलं अन् कान धरून खाली बसली.

ती दारू होती! तिथं पाहुण्याला हाच मान.

मॅडमनी कपाळाला हात लावला. आमी दारू सोडवायला आलेल्या मास्तरणी! साळूबाई म्हणाली, "आता गेली पोटात. आतूनच भांडते तिच्याशी!"

*

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. अंगणात पंधरा-वीस बाया. मी ठणकावून सांगितलं, "दारूची मडकी फोडा!"

कोणी हाललं नाही. दिलमाया हळूच म्हणाली, "दिदी, मटका फोडूँगी तो बच्चे क्या खाएँगे?"

तेव्हा कळलं. इथं गुत्ताच नाही. दारू ह्या बायाच घरोघर गाळतात, त्यावरच चूल पेटते. अन् तीच पिऊन नवरे मारतात. दिलमायाचं मनगट काळंनिळं होतं. तिनं ते पदराखाली घेतलं, पण आमाला दिसायचं ते दिसलं.

ज्वारी पाखडून काय होणार इथं? मला रागच आला. एवढ्या लांब येऊन हिला अशीच मागं टाकून जायचं?

मी विचारलं, "दारू गाळते कोण?"

"हम."

"मग कोणाला द्यायची, कोणाला नाही, हे कोण ठरवते?"

लक्ष्मीनं हिंदीत पुन्हा विचारलं. बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. मग एक हसली, दुसरी हसली, अन् सगळं अंगण हसायला लागलं. तिथंच ठरलं : बायकोवर हात उचलेल त्याला कोणत्याच घरात थेंब मिळणार नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकाला खुशाल विका.

*

आमच्या निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच दिलमायाच्या घरातून भांडं आदळल्याचा आवाज आला. गाल सुजला होता तिचा. रडली नाही. मागच्या कुडावरून शेजारणीला एवढंच म्हणाली, "आज."

संध्याकाळी नवरा लोटा घेऊन निघाला. पयल्या घरी म्हातारीनं लोट्यात ताक ओतलं. दुसऱ्या घरी चहा मिळाला. तिसऱ्या घरी बाई म्हणाली, "आग लगाई नहीं आज." मागं धूर निघत होता! प्रत्येक दारात एक बाई उभी, अन् सगळ्या त्याला हात जोडून नमस्ते करून राह्यल्या.

सगळं गाव फिरून तो आपल्याच दारात आला. आमी तिघी ओट्यावर बसलेल्या. आत दिलमाया मडक्याला जाळ लावत होती. त्यानं तिच्याकडं पाठ केली. माझ्याकडं पाहून म्हणाला, "दिदी, आप लोग वापस कब जाओगे?"

मी तोंड उघडायच्या आत दिलमायानं फुंकणी खाली ठेवली.

"ये तो कल चली जाएँगी," ती म्हणाली. "मैं यहीं हूँ."