कुकोमामाचं शनिवारचं मरण

माझा मामा रेफुहिओ एन्सीनास, ज्याला गाव कुको म्हणायचं, आठवड्यातून दोनदा मरायचा. शनिवारी आणि रविवारी, मुख्य रस्त्यावर, जुन्या बँकेच्या पायऱ्यांसमोर. शेरीफ पिस्तूल रोखायचा, बार उडायचा, आणि मामा छातीवर हात दाबून, गुडघ्यावर येऊन, मग आडवा व्हायचा. फिनिक्स आणि टूसॉनहून आलेली माणसं टाळ्या वाजवायची, पोरं त्याच्या मिशा ओढून बघायची. मग तो उठायचा, धूळ झटकायचा आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणायचा, "ओदी, मेलेल्या माणसाला काही खायला आहे का गं?"

आमचं गाव कोब्रे आल्तो. खाण चालू होती तोवर इथे कुणी चुकूनही फिरायला आलं नाही. सगळीकडे धूर, धूळ आणि भोंगा. खाण बंद पडली, निम्मी घरं ओस पडली, आणि मग हळूहळू शहरातल्या लोकांना आमचं गाव सुंदर वाटायला लागलं. डोंगराच्या उतारावरची घरं, त्यांच्या दगडी पायऱ्या, बंद पडलेलं नाटकगृह. शुक्रवारी संध्याकाळी गाड्या घाट चढून यायच्या आणि रविवारी दुपारी उतरून जायच्या. जिथे पूर्वी खाणकामगार भाड्यानं राहायचे ती इमारत मी घेतली, तिथे पाहुण्यांसाठी खोल्या केल्या. त्याच पाहुण्यांसाठी बेव्हर्लीबाईंनी लुटुपुटीच्या गोळीबाराचा खेळ सुरू केला. बाई बाहेरून आलेल्या, उत्साही, मनानं चांगल्या. त्यांना दरोडेखोर हवा होता. मामाला काम नव्हतं आणि मिशा होत्या.

शेरीफ होता हॉलिस प्रुएट. उंच, निळ्या डोळ्यांचा, बूट घातले की आणखीच उंच दिसणारा.

बेव्हर्लीबाई एकदा मला म्हणाल्या, "या दोघांचं काय जमतं गं! एकमेकांकडे बघतात तेव्हा खरंच वैर असल्यासारखं वाटतं."

मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले.

मामा आणि हॉलिस खाणीत खडक फोडायच्या एकाच ड्रिलवर होते. जमिनीच्या पोटात, अंधारात, वर्षानुवर्षं जोडीनं. ड्रिलवर जोडी लागली की माणूस भावापेक्षा जवळचा होतो, असं मामीच सांगायची, कारण तिला त्याचा थोडा हेवा वाटायचा. दोघं मिळून हरणाच्या शिकारीला जायचे. नाताळात एल्विरामामी मक्याच्या पिठाच्या, पानात उकडलेल्या तमालेंचं अख्खं पातेलं प्रुएटांकडे पाठवायची आणि हॉलिसची बायको ओपल ते पातेलं कधी रिकामं परत करायची नाही. लहानपणी मला वाटायचं की सगळ्या गावांत असंच असतं.

मग तांब्याचा भाव पडला, कंपनीनं पगार कापले आणि संप झाला.

तो संप किती लांबला ते सांगत बसत नाही. सुरुवातीला खाणीच्या फाटकासमोर गाणी होती, मोठ्या कढईत शिजणारा राजमा होता, बायकांची थट्टामस्करी होती. नंतर गाणी थांबली. राजमाही पातळ झाला. कंपनीनं बाहेरून माणसं आणायला सुरुवात केली, आणि एका सकाळी त्या बाहेरच्या माणसांच्या रांगेत हॉलिस प्रुएट दिसला. हातात जेवणाचा डबा, मान खाली.

मामा पहिल्या ओळीत उभा होता. लोकांनी दगड उचलले. मामानं उचलला नाही. त्यानं फक्त हाक मारली, "हॉलिस!"

हॉलिसनं वर बघितलं नाही. फाटकातून आत गेला.

का गेला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ओपलच्या किडन्या गेल्या होत्या. संपावरच्या माणसाच्या घरच्यांना कंपनीच्या दवाखान्याची दारं बंद होती. कामावर गेलेल्याच्या घरच्यांना उघडी. ओपल त्यानंतर बरीच वर्षं जगली.

संप मोडला. मामाची नोकरी गेली, कंपनीचं घर गेलं, दवाखाना गेला. एल्विरामामीच्या छातीत गाठ होती. दवाखाना नाही म्हणून ती कुणाला बोलली नाही, आणि बोलली तेव्हा उशीर झाला होता. तिला पुरलं त्या दिवशी हॉलिस स्मशानाच्या कुंपणाबाहेर टोपी हातात घेऊन उभा होता. आत यायची त्याची हिंमत झाली नाही, आणि त्याला कुणी ये म्हटलंही नाही.

पुढे काही वर्षांत खाणच बंद पडली. संपवाले आणि संपफोडे दोघंही सारखेच बेकार झाले. पण बोलणं बंद ते बंदच. एकाच गावात, एकाच उतारावर राहून मामा आणि हॉलिस एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. खेळातले चार-पाच संवाद तेवढे बोलायचे. "गाव सोडून जा, नाहीतर इथंच पुरीन." "पुरायला खड्डा खणलायस का?" बार. टाळ्या. मग दोघं दोन दिशांना चालते व्हायचे.

मी एकदा मामाला विचारलं होतं, "तुला त्याच्या हातून दर आठवड्याला मरायचं कसं जमतं रे?"

"खोटं मरण आहे ते," मामा म्हणाला. "खरं जे झालं त्यापुढे काय आहे त्यात?"

ओपल गेल्यावर हॉलिस एकटा पडला. मुलगा टेक्सासमध्ये. हळूहळू त्याचं विसरणं सुरू झालं. चुकीच्या पायऱ्या चढून तो दुसऱ्याच कुणाच्या दारात जाऊन उभा राहायचा. खेळातही अडखळायला लागला. आणि मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मामा आपले संवाद बदलून बोलत होता. हॉलिस गप्प राहिला की मामा मोठ्यानं म्हणायचा, "काय शेरीफ, मला गाव सोडायला सांगायला आलायस ना?" मग हॉलिसला आपलं वाक्य आठवायचं. बघणाऱ्यांना वाटायचं, दरोडेखोर शेरीफला खिजवतोय.

"सांभाळून घेतोस त्याला," मी म्हणाले.

"खेळ सांभाळतोय," मामा गुरगुरला. "तुझी ती भाकरी करपतेय, तिकडे बघ."

मार्चमध्ये गावाची जत्रा असते. त्या शनिवारी रस्ता माणसांनी फुलला होता. माझ्या सगळ्या खोल्या भरलेल्या, आणि मी पाहुण्यांना खेळ दाखवायला पायऱ्यांशी उभी होते.

मामा बँकेतून पोतं घेऊन बाहेर आला. हॉलिस समोर आला, पिस्तूल काढलं, आणि थांबला. मामानं त्याला वाक्याची आठवण करून दिली. हॉलिस तरी गप्प. मामानं पुन्हा आठवण करून दिली. हॉलिसच्या हातातलं पिस्तूल खाली आलं. तो मामाकडे नीट बघायला लागला, जसा कुणी प्रवासाहून परतलेल्या माणसाकडे बघतो.

"कुको," तो म्हणाला, "फाटकावर आज किती जण आहेत रे?"

लोक हसले. मामा हसला नाही. त्याच्या हातातलं पोतं खाली पडलं.

"बरेच आहेत," मामा म्हणाला.

"दगड मारतील?"

"नाही मारणार. मी आहे ना इथे."

"ओपलचे पाय सुजलेत, कुको. डोळ्यांखालीसुद्धा सूज आहे. मला आत जायलाच पाहिजे. तू मला अडवू नकोस. दुसऱ्या कुणीही अडवलं तरी चालेल, तू नको."

आता कुणी हसत नव्हतं. काही जण मोबाईल वर धरून उभे होते. मला वाटलं तो आता निघून जाणार, किंवा त्याला मारणार. यातलं कुठलंही झालं असतं तरी मला नवल वाटलं नसतं.

"घरी येऊन सांगायचं होतंस रे," मामा शेवटी म्हणाला. "आदल्या दिवशी येऊन. एवढंच करायचं होतंस."

"आता सांगतोय ना," हॉलिस म्हणाला.

"हो," मामा म्हणाला. "आता सांगितलंस."

त्यानं हॉलिसच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं, आपल्या पट्ट्यात खोचलं, त्याचा दंड धरला आणि त्याला घेऊन रस्त्यावरून चालायला लागला. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, खेळ संपला.

बेव्हर्लीबाई धावत माझ्याकडे आल्या. डोळे भरलेले. "किती सुंदर शेवट! त्यांनीच बसवला का? दर आठवड्याला असाच करायचा का?"

"नाही," मी म्हणाले. आणि पहिल्यांदाच त्यांना सगळं सांगितलं. बाई पायरीवर बसल्या. त्या दिवसानंतर त्यांनी गोळीबाराचा खेळ पुन्हा लावला नाही.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलिसकडे गेला. त्याला न्हाऊमाखू घातलं, दाढी केली. तिसऱ्या दिवशीही गेला. मग रोजच जायला लागला. गावातल्या जुन्या संपवाल्यांनी नाकं मुरडली. मी मामाला विचारलं, "माफ केलंस त्याला?"

"कुणाला माफ करू?" मामा चिडला. "ज्याला माफ करायचं तो तिथे आहे कुठे? काल सांगितलेलं आज त्याला आठवत नाही."

आणि तेच सगळ्यात कठीण होतं. हॉलिस रोज तेच विचारायचा. रोज सकाळी त्याचा संप नव्यानं चालू असायचा, ओपल नव्यानं आजारी असायची, आणि तो डबा शोधत फिरायचा. फाटकावर किती जण आहेत? दगड मारतील? मला आत जाऊ दे. मामाला रोज उत्तर द्यावं लागायचं. रस्त्यावर, सगळ्यांच्या समोर, एकदा 'हो' म्हणणं निराळं. स्वयंपाकघरात, कॉफीच्या कपासमोर, रोज सकाळी त्याच माणसाला त्याच फाटकातून आत सोडणं निराळं. मामा वाळत चालला. माझ्याकडे यायचा तेव्हा जेवण समोर ठेवून नुसता बसायचा.

"नको जाऊस मामा," मी म्हणाले. "त्याचा मुलगा काहीतरी व्यवस्था करेल."

"करेल," मामा म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी परत गेला.

एका संध्याकाळी मामा आला तो दारातच थांबला. मी त्याला आत ओढलं, खुर्चीवर बसवलं.

"काय झालं? हॉलिस बरा आहे ना?"

"मी त्याला नाही म्हणालो," मामा म्हणाला.

"कशाला?"

"आत जायला. आज त्यानं विचारलं आणि माझं डोकं फिरलं, ओदी. मी ओरडलो त्याच्यावर. म्हणालो, नाही. नाही जायचं आत. माझी एल्विरासुद्धा आजारी आहे, तिला कोण नेणार दवाखान्यात? तू आत गेलास तर आम्ही सगळे मेलो. जाऊ नकोस."

मी त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

"त्याला माहीतच नव्हतं," मामा म्हणाला. "एल्विरा आजारी आहे हे त्याला माहीतच नव्हतं. मला म्हणाला, 'एल्विराला काय झालंय?' मी सांगितलं. तो रडायला लागला. मग डबा टेबलावर ठेवला, बूट काढले, आणि म्हणाला, 'बरं. मग नाही जात.' आम्ही पायरीवर जाऊन बसलो. दुपारपर्यंत बसून होतो. तो आत गेला नाही, ओदी."

मामीच्या मातीनंतर मी मामाला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. बाहेर पाहुणे जेवणासाठी घंटा वाजवत होते. वाजवू दिली.

दुसऱ्या दिवशी हॉलिसनं पुन्हा तेच विचारलं, अर्थातच. पण मामाचा राग उतरला होता. कधी तो 'जा' म्हणायचा, कधी 'बस इथेच' म्हणायचा, जसा दिवस असेल तसं. दोन्हींनी हॉलिस शांत व्हायचा.

उन्हाळ्यात मुलगा येऊन हॉलिसला टेक्सासला घेऊन गेला आणि त्यानं तिथल्या वृद्धाश्रमात त्याला ठेवलं. गाडीत बसताना हॉलिसनं मामाला ओळखलं नाही. मामानं त्याच्या शर्टाची वरची गुंडी लावली आणि दार बंद केलं.

हिवाळ्यात तो गेल्याची बातमी आली. हॉलिसला ओपलशेजारी पुरायचं म्हणून मुलानं त्याला कोब्रे आल्तोला आणलं. मामानं काळा कोट घातला, मी त्याच्याबरोबर निघाले. वळणावरच्या बाकावर चालो ओर्तेगा बसला होता. तो संपाच्या दिवसांतला मामाचा दोस्त, आता दोन काठ्यांवर चालणारा.

"कुको," त्यानं हाक मारली. "संपफोड्याच्या मातीला चाललास?"

"चाललोय."

"एल्विराला काय वाटेल रे?"

मामा थांबला. मला वाटलं आता भांडण होणार.

"तिची चौकशी केली त्यानं," मामा म्हणाला. "शेवटी केली. आणि त्या दिवशी तो बाहेरच थांबला."

चालोला काही कळलं नाही. मामानंही त्याला समजावलं नाही. आम्ही चढ चढून वर गेलो. स्मशानात मुलगा होता, पाद्री होता, खड्डा खणणारी दोन माणसं होती आणि आम्ही दोघं. थंडी फार होती. प्रार्थना लवकर आटोपली. मामानं पहिली मूठ माती टाकली, मग मुलानं, मग मी.

खाली उतरताना मामा वाटेत एल्विरामामीपाशी थोडा वेळ थांबला. मी पुढे चालत राहिले, त्याला एकटं सोडून.