व्हर्ना कॉर्बेटची तात

व्हर्ना कॉर्बेटला सुरातलं काही कळत नव्हतं. आमच्या वाद्यवृंदाच्या समर्थक मंडळाची ती अध्यक्ष होती, तरी हे ती येईल त्याला बिनदिक्कत सांगायची. "सूर वर गेला की खाली आला, मला पत्ता लागत नाही. पण हेस्टरचा चेलो घुमायला लागला ना, की बाकड्यातून सरळ माझ्या पाठीत चढतो. मी येते ती तेवढ्यासाठी."

हॅलोवेल गावात चर्चच्या हॉलला लागून तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, रॉयचं, खाटकाचं दुकान होतं. आम्ही काही जण त्या हॉलमध्ये बरोक संगीताची तालीम करायचो. तीनशे वर्षांपूर्वीच्या रचना, आणि त्या काळी असायची तशीच वाद्यं. मी व्हायोला वाजवतो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या मधल्या भागात मेंढ्या आणि पाऊस यांपलीकडे कुणी फारसं बोलत नाही. तिथे आम्ही पहिल्या हिवाळ्यातच गाशा गुंडाळला असता. पण एका संध्याकाळी दार ढकलून एक दणकट बाई आत आली. अंगावर रक्ताचे डाग पडलेला एप्रन आणि हातात गरम सॉसेजांचा ट्रे.

"तासाभरापासून भिंतीपलीकडून ऐकतेय," ती म्हणाली. "एवढी घासाघीस चाललीय, पोटात काही आहे का तुमच्या?"

तेव्हापासून हॉलमधली शेगडी ती पेटवायची, खुर्च्या ती मांडायची, होबार्टहून आलेले वादक तिच्या घरी झोपायचे. रॉय गेला आणि मग दुकानही बंद झालं. तेव्हा ती एकदा माझ्याशेजारी बसून स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, "जन्मभर सुरी धरली या हातांनी. आता नुसते मांडीवर ठेवायचे म्हणजे काय?" तिच्या अंगठ्यांचे सांधे तेव्हाच सुजायला लागले होते.

मग ते महामारीचं साल आलं. बेटावर यायचे सगळे रस्ते बंद झाले, आमचे कार्यक्रम बंद झाले. वसंतात जरा मोकळीक मिळाली तसं आम्ही ठरवलं, नाताळाआधी हॉलमध्ये एक कार्यक्रम करायचाच. पहिल्याच तालमीला हेस्टरच्या चेलोची एक जाड तार तुटली. दुसरीचे धागे सुटत चालले होते. इटलीहून निघालेलं तारांचं पार्सल कुठल्या तरी विमानतळावर अडकून पडलं होतं. मेलबर्नपर्यंत सगळीकडे फोन झाले. त्या जाडीची तार कुणाकडेच नव्हती.

डेस्मंड हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोचा पूर्वज, वाजवतो आणि आमचा प्रमुखही तोच. तो म्हणाला, "स्टीलच्या लाव. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"माझा चेलो त्या ताणाला बनलेलाच नाही," हेस्टर म्हणाली. "उद्या पोट फुटलं त्याचं, तर तू देणार आहेस दुसरा? त्यापेक्षा मी वाजवतच नाही."

"आणि मग खालची बाजू कोण सांभाळणार? मी, डाव्या हाताच्या चार बोटांनी?"

व्हर्ना चहा ओतत होती. तिने किटली खाली ठेवली. "त्या तारा असतात कशाच्या?"

"आतड्याच्या," हेस्टर म्हणाली. "मेंढीच्या."

व्हर्नाने आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. आम्ही तिची थट्टा करतोय असं तिला वाटलं असावं. "मेंढीचं आतडं," ती म्हणाली. "आणि ते तुम्ही इटलीहून मागवता. खिडकीतून बाहेर बघा जरा."

आम्ही हसलो. ती हसली नाही.

तिचा भाऊ क्लेम गावाबाहेर मेंढ्या पाळतो. घरच्या खाण्यासाठी तो अधूनमधून एखादी कापतो. पुढच्या वेळी व्हर्ना बादली घेऊन तिथे हजर. आतडं गरम असतानाच धुवायला लागतं, गार झालं की चरबी सुटत नाही, एवढं तिला दुकानामुळे ठाऊक होतं. पुढचं तिने हेस्टरला विचारलं, हेस्टरने इटलीतल्या तार बनवणाऱ्याला फोन करून विचारलं. त्या भल्या माणसाने जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं: थंड पाण्यात भिजवा, बोथट पात्याने खरवडा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवा, उभं चिरा, ओलं असतानाच एकत्र पिळा आणि ताणून वाळवा. "बाकीचं हातांना कळेल," असं तो म्हणाला आणि फोन ठेवला.

हातांना ते लवकर कळलं नाही. पहिली खेप सोड्यात जास्त राहिली आणि सकाळी बादलीत नुसती लापशी सापडली. दुसरी कमी राहिली आणि सडली. तिच्या शेजाऱ्यांनी कुंपणावरून विचारलं, घरात कुणी मेलंबिलं नाही ना. तेव्हा ती सगळा पसारा उचलून क्लेमच्या लोकर कातरायच्या शेडमध्ये घेऊन गेली.

"अगं, माझी मेंढरंसुद्धा आत यायला तयार नाहीत आता," क्लेम म्हणाला.

"त्यांचं नातं आहे. वाईट वाटतंय त्यांना. तू दोरी धर."

"आणि हे किती दिवस चालायचं?"

"तार होईपर्यंत. घट्ट धर, म्हातारा झालास का?"

क्लेमच्या मेंढ्या काही पुरेनात. तशी ती शेतांवर गाडी घेऊन फिरली. कापाल तेव्हा मला हाक मारा, म्हणून सांगून आली. ज्या माणसांनी आमच्या कार्यक्रमाच्या पत्रकाने चूल पेटवली असती, तीच माणसं आता तिला फोन करू लागली. कुणी स्वतःच बादली घेऊन शेडवर यायचे आणि पिळणं बघत तिथेच रेंगाळायचे. एका टोकाला आकडा, आकड्याला जुन्या धार लावायच्या यंत्राचा दांडा, आणि दुसऱ्या टोकाला व्हर्ना, ओल्या पट्ट्यांवरून घोड्याच्या केसांचा बोळा फिरवत. आपल्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला जी तात असते ना, तशीच ही तात. फरक इतकाच की हिला गाता यायला हवं.

नोव्हेंबरात पहिली बरी तार तयार झाली. रंग मधासारखा, हाताला गुळगुळीत. हेस्टरने ती चेलोला चढवली. आम्ही सगळे भोवती उभे होतो. तिने खुंटी पिळत पिळत सूर वर नेला, गज ठेवला, आणि एक भरदार, किंचित खरखरीत आवाज आला. व्हर्नाचा हात आपोआप बाकड्यावर गेला. हेस्टरने खुंटी अजून जराशी फिरवली.

तार तुटली. टोक सणकन हेस्टरच्या गालावर बसलं, डोळ्याच्या अगदी खाली. रक्त आलं. व्हर्नानेच धावत जाऊन फडकं दाबलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. एवढं रक्त पाहिलेल्या बाईचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

"बास," डेस्मंड म्हणाला. तो ओरडला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "व्हर्ना, तू आमच्यासाठी खूप केलंस. पण हे थांबवायचं. डोळा गेला असता तिचा."

"खरं आहे तुझं," व्हर्ना म्हणाली आणि कोट घालून निघून गेली. त्या संध्याकाळी शेगडी मी विझवली.

त्या आठवड्यात ती तालमीला फिरकली नाही. मी घरी गेलो तर दार बंद. क्लेमकडे गेलो. शेडमध्ये उजेड होता. आतल्या तुळईवरून एक तार खाली लोंबत होती, तिच्या खालच्या टोकाला बादली, आणि व्हर्ना त्या बादलीत एकेक दगड टाकत होती. तोंड तारेपासून वीतभर अंतरावर. डोळ्यांवर क्लेमचा वेल्डिंगचा चष्मा.

"लांब उभा राहा," ती मला म्हणाली.

"तू काय करतेयस?"

"हेस्टरच्या गालावर बसायच्या आधी माझ्या गालावर बसू दे. कुठे तुटते ते जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. ती बघ." तिने कोपऱ्यात बोट दाखवलं. तुटलेल्या तारांचा एक गुंता पडला होता. "सगळ्या एकाच जागी गेल्या. जिथे मी हात बदलते तिथे. अंगठा दुखतो म्हणून मी मध्ये थांबते, मग पीळ तिथे सैल पडतो."

"मग आता?"

"मग आता थांबायचं नाही."

मी कोट काढून दांड्याजवळ गेलो. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून एक तार पिळली. दांडा मी फिरवला. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता चोळत गेली, ओठ दाताखाली दाबून. शेवटी तिची मूठ उघडेना. मला एकेक बोट सोडवावं लागलं.

ती तार वाळल्यावर बादली काठोकाठ भरली तरी तुटली नाही. क्लेम स्वतः बादलीला लटकला. "माझं वजन पेलते म्हणजे चेलोची काय कथा!" असं म्हणतोय तोच तुळईतला खिळा उपटला आणि तो बूड आपटून खाली बसला. तार शाबूत होती.

व्हर्ना अशा दोन तारा घेऊन डेस्मंडकडे गेली. हेस्टरकडे नाही. "थांबवायचं म्हणालास ते बरोबरच होतं," तिने त्याला सांगितलं. "मी तपासल्याशिवाय द्यायला नको होती. आता तपासल्यात. तू ये आणि हव्या तशा ताणून बघ. तू हो म्हणालास तरच हेस्टरला देईन. नाही म्हणालास तर कुत्र्याला बांधायला वापरेन."

डेस्मंड शेडमध्ये आला. चांगल्या बुटांनी त्या चिखलातून आला. त्याने स्वतःच्या हाताने दगड घातले, डोळ्यांवर तो चष्मा लावून. मग चष्मा काढून म्हणाला, "हेस्टरला मीच फोन करतो."

कार्यक्रमाच्या दिवशी कडक ऊन होतं; आमच्याकडे डिसेंबर म्हणजे उन्हाळा. हॉलमध्ये बसायची परवानगी थोड्यांनाच होती, म्हणून आम्ही दारं-खिडक्या उघड्या टाकल्या आणि बाकीचे बाहेर गवतावर बसले. बाहेरचे बहुतेक तेच शेतकरी होते, धुतलेले शर्ट घालून आलेले. सुरू व्हायच्या आधी एकाने खिडकीतून डोकं आत घातलं आणि हेस्टरला विचारलं, "यातली माझ्या मेंढीची कुठली?"

"मधल्या दोन्ही इथल्या मेंढ्यांच्या. पण तुमचीच असं नाही सांगता येणार."

"माझीच असणार. क्लेमची मेंढरं कायम बेसूर."

उत्तरार्धात, संथ भागाच्या मध्यावर, उकाड्याने एक तार उतरली. हेस्टर थांबली, आम्हीही थांबलो. तिने शांतपणे खुंटी फिरवली. सूर चढत गेला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. व्हर्ना उभी राहिली होती, मुठी आवळून, जणू तार तीच ओढून धरत होती. सूर जागेवर आला आणि तिथेच टिकला. हेस्टरने तिच्याकडे बघून मान हलवली आणि आम्ही तो भाग पहिल्यापासून घेतला. आमच्या आजवरच्या वाजवण्यात तो सगळ्यात चांगला झाला असं मला वाटतं. डेस्मंडला तसं वाटत नाही. तो म्हणतो आम्ही घाई केली.

पुढे इटलीचं पार्सल आलं. हेस्टरने एका बाजूला इटलीची आणि एका बाजूला व्हर्नाची अशा तारा लावून महिनाभर वाजवलं. इटलीच्या जास्त सारख्या, जास्त स्वच्छ. हे तिने व्हर्नाला तोंडावर सांगितलं. मधल्या एका जागी तिने व्हर्नाचीच ठेवली. होबार्टच्या एका वादकाने मग चार मागवल्या. मेलबर्नहूनही विचारणा झाली. व्हर्ना प्रत्येकाला कळवायची, बादलीवर तपासलेली आहे, तरी पहिल्यांदा चढवताना तोंड बाजूला ठेवा.

आता तिचे अंगठे जवळजवळ कामातून गेलेत. डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय. पिळायचं काम हेस्टर शिकली, दांडा मी फिरवतो, आणि व्हर्ना स्टुलावर बसून आम्हाला शिव्या देते. गेल्या हिवाळ्यापासून तिने व्हायोलिनची सगळ्यात बारीक तार करायचं मनावर घेतलंय. कोकराच्या आतड्याची, केसासारखी. आजवर एकही टिकलेली नाही.

"कशाला हवीय?" परवा हेस्टरने विचारलं. "त्या तारा आता आठवड्यात मिळतात."

"मिळू देत," व्हर्ना म्हणाली. "हात ओला कर. पट्टी पुन्हा सुकवलीस तू."