नालीत जाणारं गरम पाणी

गोबरगॅसवर चालणारं इंजिन आणि त्याला जोडलेला जनरेटर मी घेतला, तेव्हा व्यापाऱ्याने मला फक्त विजेचा हिशोब सांगितला. तो खोटा निघाला. तेल आणि दुरुस्ती धरली, की घरची वीज लाईनच्या विजेपेक्षा महाग पडत होती. जानेफळच्या आमच्या गोठ्यात मोठे भाऊ भागीदार. ते म्हणाले, "साऱ्या बाजाराले घासाघीस शिकवतं तू, अन् तुलेच टोपी घातली त्यानं! संक्रांतीपर्यंत पाह्यतो, नाही तं इंजिन वापस." व्यापारी अर्ध्या भावात परत न्यायला तयारच होता. माझं डोकं फिरलं. अर्ध्या भावात मी आजवर काही विकलेलं नाही.

त्या दुपारी लाईन गेली म्हणून इंजिन लावलं आणि धुमसत शेजारीच बसलो. इंजिन थंड ठेवणारं पाणी पाइपातून नालीत पडत होतं. बोट लावलं तर चटका बसला. दुधाच्या कॅन धुवायला, म्हशींच्या खुराकाची ढेप भिजवायला, अंघोळीला बायको रोज चुलाण्यावर पाणी तापवायची, कपाशीच्या विकतच्या पऱ्हाट्या जाळून. आणि इथे तापलेलं पाणी मी फेकत होतो.

मेहकरच्या वेल्डरशी मजुरीवरून भांडून ड्रममध्ये तांब्याच्या नळीचं वेटोळं बसवून घेतलं. नळीतून इंजिनाचं पाणी जायचं आणि ड्रममधलं स्वच्छ पाणी तापायचं. तरी आठवडाभर चुलाणं पेटतच राहिलं.

"काऊन वो?" मी खेकसलो.

"तुमचं पाणी दुपारी तापते," बायको म्हणाली. "मी म्हशीले सांगू काय, आता दुपारी दूध दे म्हणून?"

चूक माझी होती. आमच्याकडे इंजिन म्हणजे लाईन गेल्यावर लावायची वस्तू. मी ठरवलं, इंजिन लागेल ते गरम पाण्याच्या वेळेला. पहाटे धारेच्या आधी ते सुरू करायचं आणि कडबाकुट्टी, पाण्याची मोटर त्याच वेळात उरकायची. दुपारी लाईन गेली तरी हात लावायचा नाही. भावाचा टीव्ही बंद पडला, ते चिडले. मी ऐकलं नाही. नुसत्या विजेत तोटा होताच, पण पऱ्हाट्यांचा खर्च वाचला तसा तो भरून निघाला आणि वर थोडं उरलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ठरल्याप्रमाणे व्यापारी टेम्पो घेऊन आला. "भंगारच हाय हे, भाऊ. अर्ध्याच्या वर नाही जमत."

मी शिव्या तोंडात तयार ठेवल्या होत्या. भाऊच आधी बोलले, "इंजिन नेलं तं पाणी कायच्यावर तापवू? चुलाणं मोडून तिथं याच्या बायकोनं ढेपीची पोती रचली."

व्यापारी ड्रमभोवती फिरला, नळी चाचपून पाहिली. "हे कसं केलं? दुसऱ्या गिऱ्हाइकांले सांगता येईन."

मला इंजिन विकताना गरम पाण्याबद्दल याची वाचा बसली होती! तो राग अजून आहे. मी म्हणालो, "दोन सर्व्हिसिंग फुकट करून दे, मंग सांगतो."

तो एकवर आला. मी हललो नाही. तो टेम्पोत बसला, चावी फिरवली, आणि पुन्हा खाली उतरला.